सहा पाटांचं इंजिन

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात एकही निर्णय कुणाला विचारल्याशिवाय घेतला नाही आणि कुणाचं ऐकूनही घेतला नाही. साधी टोपी घ्यायची तर ते न्हाव्याला विचारत, पुजाऱ्याला विचारत, सेलू स्टेशनावरच्या हमालांना विचारत, आणि सगळ्यांची मतं मान डोलावत ऐकून घेऊन संध्याकाळी रुमाल बांधून घरी येत. अक्का म्हणायची, "अवो, मग इचारलंत कशाला?" तर दाजी म्हणत, "इचारलं की मानसाला बरं वाटतं."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. निजामाची राजवट होती, दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती. वालूरकडचा कापूस भरून सेलूच्या जिनिंगला आणायचा हा दाजींचा धंदा, आणि त्यासाठी त्यांच्याकडे एक जुनी, अवजड लॉरी होती. वडील वारल्यावर चुलत्यांनी आमच्याकडे पाठ फिरवली, तेव्हा दाजी स्वतः लॉरी घेऊन गावी आले आणि आईला आणि मला सामानासकट उचलून घेऊन गेले. तेव्हापासून अक्का, दाजी, आई आणि मॅट्रिक होऊन नोकरीची वाट पाहत दोन वेळा व्यवस्थित जेवणारा मी, असे चौघंही त्या लॉरीवर बसलेलो होतो. ती चालत असो वा उभी असो.

या लॉरीचा मान घरात फार. दाजींची आई त्यांच्या लहानपणीच गेलेली. अक्का आल्यागेल्याला सांगायची, "मला सासू न्हवती, ती उणीव ह्यांनी लॉरी आणून भरून काढली." आणि खोटं नव्हतं. सकाळी पहिलं पाणी लॉरीला, मग आम्हाला. तिच्या तब्येतीची विचारपूस दाजी रोज करत. लोखंडी सळईचं एक टोक चालू इंजिनावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटून ऐकत राहायचं. चेहऱ्यावर भाव असा की आत कुणीतरी गाऱ्हाणं सांगतंय. बैलगाडी समोर आली तर हे कधी भोंगा वाजवत नसत. लॉरी थांबवायची, खाली उतरायचं, गाडीवानाला घरची खुशाली विचारायची, मग वाट मागायची. एकदा या चौकशीपायी मागं कुण्या साहेबाची मोटार अडकली आणि साहेब लागले भोंगा वाजवायला. दाजी त्यांच्यापाशी जाऊन हात जोडून म्हणाले, "सायेब, बैल बुजतील. तुमी सायेब हाव हे त्यानला कुणी सांगितलेलं न्हाई."

तर अशा या लॉरीचं सहा सिलिंडरचं इंजिन ऐन दसऱ्याच्या तोंडावर थकलं. तेल प्यायला लागलं, धूर असा सोडी की देवगाव फाट्यावरचे लोक तो पाहून चहा ठेवीत. चढाला लागलं की आम्ही उतरून चालायचो आणि पुढं पोचून तिची वाट बघायचो. दसरा झाला की कापसाचा हंगाम. लॉरी तोवर रस्त्यावर आली नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार, आणि मग आईला आणि मला पुन्हा चुलत्यांच्या ओसरीवर जावं लागणार, हे घरात कुणी बोलत नव्हतं. पण आई दोन घास कमी जेवायला लागली होती.

दाजींनी परभणीहून वस्तादांना बोलावलं. त्यांनी अंगणात इंजिन उघडलं आणि दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे पिस्टनच्या रिंगा बदलायच्या, व्हॉल्व्ह साफ करून बसवायचे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लॉरी रस्त्यावर, पण निभेल एक हंगाम. दुसरी म्हणजे अख्खा ब्लॉक रेल्वेनं सिकंदराबादच्या कारखान्यात धाडायचा, सहाही सिलिंडरना आतून नवी लोखंडी अस्तरं, म्हणजे लायनर, बसवून घ्यायची, पिस्टन नवे. इंजिन बरीच वर्षं बघायला नको, पण हंगाम हातचा गेला.

आता दाजींचं विचारणं सुरू झालं. जिनिंगचे मुकादम, किराणावाले, भटजी, समोरची म्हातारी, सगळ्यांना इंजिन दाखवून झालं. मलाही विचारलं. मी उर्दूतून मॅट्रिक, तेव्हा कुठल्याही भाषेत कशावरही मत देण्याचा माझा हक्कच होता. मी म्हणालो, "दाजी, रिंगा बदला. पुढचं पुढं." दाजींनी मान डोलावली, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

उघडलेले भाग हरवू नयेत म्हणून दाजींनी त्यांची पंगत मांडली होती. ओटीवर ओळीनं सहा पाट; प्रत्येक पाटावर त्या त्या सिलिंडरचा पिस्टन, भोवती त्याचेच व्हॉल्व्ह, त्याच्याच स्प्रिंगा, ताटाभोवती वाट्या ठेवाव्यात तशा. एकाची वस्तू दुसऱ्याच्या पाटावर चालायची नाही, कारण वर्षानुवर्षं एकमेकांवर झिजून त्यांची जोडी जमलेली.

आणि आली खंडेनवमी. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं घासूनपुसून पुजायची. दाजी आणि वस्ताद रिंगांच्या शोधात स्टेशनाकडे गेलेले. सासूची पूजा काळ्या तोंडानं कशी करायची, म्हणून अक्कानं सहाही पाट उचलले, चिंच आणि राख लावून सगळं इंजिन लख्ख घासलं आणि सुनेच्या शिस्तीनं लावून ठेवलं. पिस्टनवर पिस्टन, व्हॉल्व्हशेजारी व्हॉल्व्ह, वर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. मी ओटीवर बसून "अक्का, तो एक राहिला बघ" असं मार्गदर्शन करत होतो.

वस्ताद परतले आणि दारातच बसले. "कौन कायका है, कैसा पयचानना सेठ?" अक्काच्या लक्षात आलं आणि तिच्या डोळ्यांना पदर लागला. आई आतून म्हणाली, "जावईबापू, तिला बोलू नका. आमीच जातो गावाकडं. दोन तोंडं कमी झाली की भागंल."

दाजी पाटांपाशी बसले. एक पिस्टन उचलून उन्हात फिरवत राहिले. काजळी निघाल्यामुळे त्याच्या कडेला केसाएवढी चीर दिसत होती. वस्तादांनी पाहिली आणि म्हणाले, "हौ, टूटताच था. पन ये एक नवा डालता मैं. बाकी बैठके मिलाता. एक सीझन निकल जाता."

"नको," दाजी म्हणाले. "ब्लॉक सिकंदराबादला धाडा. लायनर टाकायचं."

"सेठ, सीझन?"

"वस्ताद, घरात ही जी मानसं हायत, ती काय एका सीझनपुरती आनलेली न्हाईत."

आत आईच्या हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, एवढंच. त्या हंगामात दाजींनी, स्वतः लॉरीचे मालक असून, दुसऱ्याच्या लॉरीवर ड्रायव्हर म्हणून काम केलं. कुणी छेडलं तर म्हणत, "सासू माहेरी गेलीय."

ब्लॉक परत आला, इंजिन उभं राहिलं. वस्तादांनी बजावलं की नवं काम आहे, काही दिवस ओझं नाही, वेग नाही. झालं. ओझं नाही म्हटल्यावर दाजींनी आईला पुढच्या सीटवर बसवलं. दाजींकडे आल्यापासून आई आडापलीकडे गेली नव्हती. लॉरी अशी चालली होती की बैलगाड्या मागून येऊन पुढं जात होत्या. आई डोक्यावरचा पदर सावरून शेतं बघत होती. परतल्यावर तिनं हळूच विचारलं, "जावईबापू, उद्या बी रिकामीच न्यायची का?"

"उद्या बी, परवा बी. इंजिनाचा नेम हाय, मामी."

वस्तादांच्या मते इंजिन लवकरच मोकळं, पळवण्याजोगं झालं. दाजींच्या मते आई होती तोवर ते नवंच राहिलं. कापूस भरधाव जायचा. पण आई बसली की लॉरी बैलाच्या चालीवर यायची.

पुढं आई गेली. तिच्या अस्थी घेऊन आम्ही येलदरीला पूर्णेवर निघालो. मडकं माझ्या मांडीवर होतं. फाटा मागं पडला, रस्ता मोकळा, तरी लॉरी एका बैलगाडीच्या मागून चाललेली. मी म्हणालो, "दाजी, आता पळवा की."

ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "मामी बसल्यात न्हवं."