रँसची लेणी

धुळ्याच्या अक्कांनी दारात चपला काढल्या, तेव्हा आपल्या लोकांना फसवलंय हे माझ्या लक्षात आलं.

फ्रान्समधल्या एका जुन्या शहरात आम्ही उभे होतो. नाव लिहितात रीम्स, तिथले लोक म्हणतात रँस. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी जळगावचा, अजिंठ्याचा लायसन्स असलेला गाइड. फ्रेंच पाहुण्यांसाठी फ्रेंच शिकलो होतो. मुंबईच्या एका टूर कंपनीने जळगाव-धुळ्याच्या व्यापारी मंडळींची युरोपची टूर काढली आणि मला इंटरप्रिटर म्हणून सोबत घेतलं. इंटरप्रिटर म्हणजे दुभाष्या.

आदल्या दिवशी आमच्या टूर मॅनेजरने बसमध्ये जाहीर केलं होतं, "उद्या केव्हज. रोमन काळातली लेणी!"

अक्का खूश झाल्या. त्यांचं मूळ घराणं राजस्थानातलं, जैन. धुळ्यात धान्याची आडत. गुडघ्यांमुळे त्यांचं अजिंठा कधी झालं नव्हतं. "इथे चढायचं नाही, फक्त उतरायचं," असं मॅनेजरने त्यांना सांगितलं होतं. उतरलेल्या माणसाला पुन्हा वर यावं लागतं, हे तो सोयीस्करपणे विसरला.

आणि आता अक्का त्या थंड फरशीवर अनवाणी, हात जोडून उभ्या. लेण्यात देव असतो, मग चपला बाहेर. दारावरची फ्रेंच बाई त्यांच्या पायांकडे बघतच राहिली. मग तिने माहिती सुरू केली. पहिल्याच वाक्यात 'काव' हा शब्द आला.

फ्रेंचमध्ये काव म्हणजे तळघर. या गावात तर दारू मुरवायचं तळघर. हा सगळा मुलूख द्राक्षांचा, आणि शॅम्पेन नावाची फेसाळ दारू इथलीच. 'काव'चं स्पेलिंग इंग्रजी 'केव्ह'सारखंच; कुणी ते 'केव्ह' वाचलं, आणि केव्ह म्हणजे काय हे आम्हा खानदेशी माणसांना सांगायला नको. लेणी!

मी मॅनेजरला बाजूला घेतलं. "साहेब, हे लेणं नाही. हा दारूचा कारखाना आहे."

"मग? खडूच्या दगडात खोदलंय, रोमन लोकांनी खोदलंय. खोटं काय त्यात?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"अहो, दारूचं तळघर म्हटलं असतं तर ही मंडळी आली असती का? इथल्या लोकांशी आमचं ठरलेलं आहे. ग्रुप आत न्यायलाच पाहिजे."

"अक्का दारूच्या उंबऱ्याला पाय लावत नाहीत."

हे त्यालाही माहीत होतं. अक्कांचा थोरला मुलगा दारूने गेला होता. तेव्हापासून त्यांचा तो नेम. पॅरिसच्या हॉटेलात पुढे बार होता, म्हणून त्या मागच्या दाराने, सामानाच्या वाटेने ये-जा करत. हाच मॅनेजर तेव्हा दार उघडून धरत होता.

तो हसला. "त्यांना सांगा, द्राक्षाचा रस आहे. म्हातारीला काय कळणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतका संताप मला नोकरीत आधी कधी आला नव्हता. एका आईचा नेम मोडायचा, आणि तोही माझ्या तोंडून!

"मी नाही सांगणार."

"मग पुढच्या टूरला येऊ नका."

मी वळलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मराठीत सांगितलं, "अक्का, आत दारू आहे. लेणं नाही."

मग चोपड्याचे केळीवाले आबा अहिराणीत म्हणाले, "बठ्ठी दारूच शे का, भाऊ? मंग मी देखी येस जरासं."

सगळी दारूच आहे तर जरा बघूनच येतो, म्हणत आबा आत गेले आणि त्यांच्यामागून बरीच पुरुषमंडळी सटकली. अक्कांचा धाकटा मुलगा पारसभाऊ मात्र माझ्यावरच उखडला. "काय गरज होती बोलायची? आईला काही समजलं नसतं!"

अक्कांनी चपला घातल्या. मुलाकडे नीट बघितलं. "समजलं नसतं, म्हणून चाललं असतं का रे?" एवढंच विचारलं. पारसभाऊ तरीही आत गेलाच.

मी अक्कांना गावातल्या मोठ्या चर्चकडे नेलं. दाराशी दगडी मूर्तींची रांग, त्यात एक हसरा देवदूत. जुन्या काळी फ्रान्सच्या राजांना इथेच मुकुट चढवत, हे मी सांगितलं. अक्का देवदूतासमोर बराच वेळ थांबल्या. त्यांनी डोळे पुसले, मग म्हणाल्या, "चला, हे तरी खरं दाखवलंत."

मुंबईला परतल्यावर मी कंपनीच्या मालकाकडे तक्रार केली. मालक म्हणाले, "तुम्हाला भाषांतर करायला नेलं होतं, खरं बोलायला नाही." त्या कंपनीने मला पुन्हा बोलावलं नाही. मी एवढं शिकलो, की शब्दाचा अर्थ तो शब्द विकणाऱ्याला विचारू नये.

पुढच्या वर्षी कंपनीचा माणूस धुळ्यात ग्रुप जमवायला आला. तोंडात तीच रोमन लेणी. चौकशीला लोक अक्कांकडे जात. अक्का कुणाला नावं ठेवत नसत. फक्त म्हणत, "लेणी चांगलीच असतील बाबा. आत गेलेली माणसं डोलतच बाहेर आली."

धुळ्यातून एकही माणूस गेला नाही.