टोपणनावाचा धनी

ऑर्व्हिल ट्वेट अमेरिकेतल्या ड्युलुथ गावच्या एका विमा कचेरीत कारकून होता आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. घरी टाइपरायटरपुढे बसला की मात्र तो डर्क हॅलोरन व्हायचा. त्या नावाने त्याने खून, दारू आणि दगाबाज बायकांच्या कितीतरी स्वस्त कादंबऱ्या पाडल्या. चर्चवाल्यांना कळलं असतं तर ऑर्गन सुटलाच असता, म्हणून तोंडाला कुलूप.

गंमत अशी, की हॅलोरनचा गावातला सगळ्यात मोठा भक्त खुद्द ऑर्व्हिलचा बाप होता. म्हातारा हालवर जन्मभर बंदरात कच्चं लोखंड जहाजात भरत आलेला. दातांत साखरेचा खडा धरून बशीतून कॉफी ओढायचा आणि पोराला टोचायचा, "कचेरीचे कागद किती बडवशील रे? हा हॅलोरन बघ. दोन ओळींत माणूस उभा करतो. तुला जमेल?"

"नाही जमणार, पा."

सांगून टाकावं असं ऑर्व्हिलला शंभरदा वाटलं. पण खूळ शिरलं होतं डोक्यात: आधी स्वतःच्या नावाचं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक बापाच्या हातात ठेवायचं, मग बाकीचं सांगायचं. त्या पुस्तकासाठी त्याने हॅलोरनला रजा दिली आणि तिथेच तो फसला. या धंद्यात नावाचा धनी प्रकाशक. त्याने ते नाव सरळ दुसऱ्या कुणाला लिहायला दिलं. इकडे ऑर्व्हिलचं पुस्तक जाईल तिथून साभार परत. ना घरचा ना घाटचा, अशी गत झाली.

तोवर हालवरने अंथरूण धरलं. डॉक्टरने आशा सोडली. आता नाही तर कधीच नाही, हे ओळखून ऑर्व्हिल खाटेशी बसला.

"पा, तो हॅलोरन मी आहे."

म्हातारा बघतच राहिला. मग उशाजवळचं हॅलोरनचं नवंकोरं पुस्तक त्याने छातीवर ओढलं. "म्हणजे हेही तुझंच? यातला तो बाप, पोराला एकदाही चांगलं म्हणत नाही तो... तो मीच ना रे? वाचताना रडलो मी."

म्हातारा उत्तराची वाट बघत होता.

"हो, पा. तुम्हीच."

"चांगलं लिहिलंस," हालवर म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

ऑर्व्हिल बापाचा हात धरून बसून राहिला. दुसऱ्याने लिहिलंय या रागापोटी त्याने ते पुस्तक उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं.