गोडंबीच्या गावी

आमच्या सोसायटीतल्या बायकांनीच मला वऱ्हाडात पिटाळलं म्हणा ना. डिंकाच्या लाडवांत गोडंबी हवी, तीही थेट गावातून आणलेली, आणि अख्खी, तुकडा नको. दुकानातली अंगी लागत नाही म्हणे, फक्त खिशाला लागते. माझी मावसबहीण नंदा अकोल्यात राहते आणि पातूरच्या पलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. "ये की, तिकडे घरोघरी बिब्बे फोडतात, त्यातूनच निघते गोडंबी," ती फोनवर म्हणाली. झालं, मी पिशव्या भरल्या.

पण पुण्याहून थेट अकोला कशाला? आधी अमरावती केली. तुम्ही गेलात तर सकाळी उतरल्या उतरल्या गिला वडा खा आणि परतवाड्याची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे नवरा बरोबर नेणं परवडत नाही. पुढे चिखलदऱ्याच्या घाटात खिडकी सोडू नका. तिथे कॉफी पिकते, तिथलीच मागून प्या. माझ्या हॉटेलवाल्यानं ती दूधसाखरेत इतकी बुडवली होती की ओळख पटेना. दरीच्या कडेला दरीकडे पाठ करून फोटो काढणाऱ्यांची ही गर्दी! बोरांची पाटी घेऊन बसलेल्या एका चिमुरडीला एक ताई सांगत होत्या, "हस गं, नॅचरल हस!" पोरगी बिचारी हसली आणि म्हणाली, "बोरं घेता का?" ताईंनी फोटो घेतला, बोरं नाही घेतली.

दुसऱ्या दिवशी अंजनगाव, अकोटमार्गे अकोला. रस्ता कुठे गुळगुळीत, कुठे कंबर ढिली करणारा. नंदाकडे वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी हाणली आणि रविवारी सकाळी तिच्याबरोबर गावाला निघाले.

वेशीवरच्या कमानीवर ठळक अक्षरं, 'बालमजूरमुक्त गाव'. रंग अगदी ताजा.

"पाहणीला साहेब येणार असले की नवा हात मारतात," नंदा म्हणाली.

"आणि पोरं?"

"ती घरात बसून फोडतात. घरात केलं की ते घरकाम. साहेब कमानीपाशीच खूश होतात."

नंदा मला तिच्या शाळेतल्या एका मुलीच्या घरी घेऊन गेली. तिची आई सुमनबाई, त्यांच्या अंगणात बिब्ब्यांचा ढीग होता. त्या हाताला राख चोळून एकेक बिब्बा दगडावर ठेवत आणि मोगरीनं ठोकत होत्या. बिब्ब्याचं काळं तेल उडालं की कातडी भाजते, फोड येतो. त्यांची बोटं जुन्या फोडांच्या डागांनी काळी पडली होती. ती बघूनही मी भाव विचारलाच.

"अख्खीचा भाव येगळा, ताई," त्या म्हणाल्या. "मोठ्या मानसाच्या हातून तुकडे होतेत. पोरीची बोटं बारीक, तिच्या हातून अख्खी निघते."

ती पोरगी, सातवीतली अश्विनी, मात्र ओट्यावर हातांना खोबरेल चोपडून इतिहासाचं पुस्तक वाचत बसली होती. मी म्हटलं, वा! इथं कायदा पोचला वाटतं.

कसला कायदा! रेशनच्या यादीत नाव टिकवायचं तर घरातल्या प्रत्येकाला दुकानातल्या मशीनवर अंगठा द्यावा लागतो. बिब्ब्याच्या तेलानं अश्विनीच्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या.

"चार डाव नेलं हिले. आंगठाच नाई उठून राहिला," सुमनबाई सांगत होत्या. "दुकानदार म्हने, उजवा आंगठाच लागते, नाई तं नाव कटते. नाव कटलं तं हिच्या वाट्याचं धान्य गेलं. मंग म्या म्हटलं, बिब्ब्याले हातच लावू नोको, कातडी येऊ दे."

काम बंद म्हणून अश्विनी रोज शाळेत. नंदानं या घराचे किती उंबरे झिजवले होते! हक्क सांगितला, कायदा सांगितला, खिचडीचं आमिष दाखवलं. कशाला दाद मिळाली नाही आणि या डबीएवढ्या मशीननं पोरीला वर्गात बसवलं. सरकारच्या लेखी ती बालमजूर नव्हती. मशीनच्या लेखी तर ती मुळात नव्हतीच. दोघांचंही बरोबर, कुणाची तक्रार नाही!

दुपारी पातूरची लेणी बघायला गेलो, अश्विनीही आली. लेणी छान, गार, पाणी बरोबर न्या. पण माझं लक्ष कुठलं लागतंय! पायऱ्यांवर पोरीनं विचारलं,

"मावशी, मशीननं आंगठा घेतला तं मंग?"

"मग नाव राहील, धान्य मिळेल."

"अन् शाळा?"

"ती चालूच ठेवायची!" संध्याकाळच्या गाडीनं निघून जाणारी माणसं ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात मी सांगितलं.

"मायले सांगसान तुमी?"

सांगितलं. सुमनबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "आमाले काय वाईट वाटते का शाळेचं? पन तुमालेच अख्खी पायजे न, ताई? मंग फोडन कोन?"

मला असा राग आला! त्यांच्यावर, त्या कमानीवर, सोसायटीवर, सगळ्यात जास्त स्वतःवर. तरी गोडंबी घेतलीच, तीही अख्खी. नाही घेतली असती तर त्यांची चूल पेटली असती, असंही नाही.

घरी आल्यावर लाडू झाले. बायका म्हणाल्या, फरक कळतो हो! मी एकही खाल्ला नाही. त्यानं कुणाचं काय भलं झालं, विचारू नका.

परवा नंदाचा फोन आला. अश्विनीला पुन्हा मशीनवर नेलं होतं.

"उठला का अंगठा?"

"नाही."

"अगं, एवढं खोबरेल, एवढे दिवस..."

"बाकीची बोटं स्वच्छ झालीत. नखंसुद्धा गुलाबी. फक्त उजव्या अंगठ्यावर ताजा फोड आहे. आदल्या दिवशी तिनं ढिगातला एक बिब्बा फोडला आणि स्वतःच अंगठ्याला टेकवला."

"सुमनबाईंनी मारलं का गं?"

"नाही. फोडाला खोबरेल लावलं, वेणी घातली आणि शाळेत पाठवलं. महिनाअखेर मुदत आहे, तोवर बघू म्हणाल्या."

"म्हणजे येते ती शाळेत?"

"रोज येते," नंदा म्हणाली. "पेन तेवढा धरता येत नाही."