सेलू ते हनोई: आक्काने ठेवलेलं प्रस्थान

व्हिएतनामला जायचं ठरलं ते ऑफिसातल्या एका मैत्रिणीचे फोटो बघून. हिरव्यागार पाण्यातून सरळ वर आलेले डोंगर आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या छोट्या होड्या. फोटो बघताना जेवणाचा डबा तसाच उघडा राहिला. पण बरोबर कोण येणार? नवऱ्याला घरच्या वरणभाताशिवाय दोन दिवस काढता येत नाहीत, आणि लेक पुण्यात तिच्या नोकरीत. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "मी आक्काला नेते."

आक्का माझी थोरली बहीण. मी परभणीला असते आणि ती सेलूला, आमच्या माहेरच्या घरात एकटी. तिने लग्न केलं नाही. आधी बालवाडी चालवली, मग वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, आजारपण निघालं, ते संपतंय तोवर आईने अंथरूण धरलं. आई जाऊन वर्ष उलटलं तरी आक्का औषधाच्या वेळेला दचकून उठायची. इतक्या वर्षांत ती एकही रात्र घराबाहेर राहिली नव्हती. मला डोंगर बघायचे होतेच, पण त्याहून जास्त तिला त्या घरातून एकदा बाहेर काढायचं होतं. आणि ती ऐन वेळी पाय मागे घेणार, ही धाकधूक तिकीट काढल्या दिवसापासून मला होती.

तयारीचं आधी सांगते, कारण आमच्यासारख्या पहिल्यांदा जाणाऱ्यांना तेच हवं असतं. आक्काचा पासपोर्ट काढण्यापासून सुरुवात होती. चौकशीला पोलीस घरी आले तेव्हा तिने त्यांना पोहे खायला घातले आणि वर विचारलं, "मी जावं का हो साहेब? तुमाला काय वाटतं?" ते बिचारे गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. व्हिसा ऑनलाइन मिळतो, फक्त नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं भरा. रुपये तिथे कोणी घेत नाही, म्हणून डॉलर न्यावेत आणि तिथे बदलून घ्यावेत. शंभरेक रुपयांच्या कॉफीला तिथल्या पैशात तीस हजार पडतात, त्याची मनाची तयारी ठेवा. आणखी एक, चटणीत घालायला म्हणून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या हातातल्या पिशवीत ठेवू नका, विमानतळावर काढून घेतात.

खाण्याची तयारी मात्र आक्काने माझ्या हातात येऊच दिली नाही. निघायच्या आदल्या दिवशी मी सेलूला पोचले तेव्हा अख्ख्या गल्लीत दशम्या भाजल्याचा वास होता. पीठ दुधात मळून केलेली दशमी चार दिवस सहज टिकते. सोबत धपाटे, कारळाची चटणी, मेतकूट. त्या वासाने मी चपला काढायच्या आधीच आठ वर्षांची झाले.

आमच्या लहानपणी प्रवास म्हणजे पालम. मामाचं गाव. परभणीला एसटी बदलायची, पुढे गंगाखेडवरून पालम. पण आई तयारी अशी करायची की काशीला निघालोय. फिरकीचा तांब्या चिंचेने घासून चकचकीत व्हायचा, वळकटी बांधायला अण्णा तिच्यावर गुडघा ठेवून बसायचे, आणि आम्हा दोघींच्या वेण्या इतक्या घट्ट घातल्या जायच्या की भुवया वर ओढल्या जायच्या. आक्का खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची. गंगाखेडच्या स्टँडवर आई दशमीचा घास भरवायची आणि म्हणायची, "पोटभर खा गं, मामाच्या दारात भुकेलं तोंड घेऊन जाऊ नाही." आता पालमला मनात आलं की जाता येतं. मामा नाहीत, तिकडे कोणी वाट बघत नाही, म्हणून जाणं होत नाही.

रात्री बॅगा भरताना मी म्हटलं, "आक्का, तुझा पासपोर्ट दे, एकत्र ठेवते."

"प्रस्थानात हाय," ती म्हणाली.

आमच्याकडची ही जुनी रीत. निघायचा दिवस चांगला नसेल तर आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी फडक्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि बरोबर न्यायची एखादी वस्तू बांधून शेजारच्या घरी ठेवायची. म्हणजे प्रवास त्या दिवशीच सुरू झाला असं समजायचं. ते गाठोडं परत घरात आणायचं नाही, निघताना तसंच उचलायचं. आमची गाडी नेमकी अमावास्येची, म्हणून आक्काने गुरुवारी समोरच्या इंदूकाकूंकडे प्रस्थान ठेवलं होतं. लोक त्यात रुमाल ठेवतात. आमच्या बाईने पासपोर्ट ठेवला! मी कपाळाला हात लावला, पण समोरचंच तर घर, म्हणून बाकीची बॅग भरायला घेतली.

सकाळी आक्का गाठोडं आणायला गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. काकूंची लेक मानवतला दिलेली, तिचं डोहाळेजेवण आदल्या संध्याकाळी होतं, म्हणून काकू तिकडे मुक्कामाला गेल्या होत्या. आणि ज्याच्या भरवशावर प्रस्थान ठेवलं त्याने ते टाकून जाऊ नये, म्हणून गाठोडं सोबत घेऊन गेल्या होत्या.

मी फोन लावला. "काकू, अहो आज दुपारची गाडी आहे आमची!"

"आज? अगं आज अमुशा हाय! अमुशाला कोन निघतं का? मी म्हणलं तुमी उद्या जायलाव." काकू फोनवरच रडायला लागल्या.

दुपारच्या गाडीला फार वेळ उरला नव्हता, मानवतहून एसटी कधी मिळेल याचा नेम नाही. मी आक्काकडे पाहिलं. ती खाटेवर शांत बसली होती. मला वाटलं, झालं, हिला हवं तेच झालं. आता म्हणेल, जाऊ दे नंदा, नशिबात नव्हतं. माझे डोळे भरून यायला लागले.

तिने माझ्या हातातून फोन घेतला. "काकू, रडू नका. आमची गाडी आधी मानवत रोडला थांबती, मग सेलूला. जावयाला म्हणा मला मोटारसायकलवर स्टेशनला सोडा. त्याच गाडीत बसा, अन् सेलूला आमच्या हातात द्या. प्रस्थान ठेवलंय, आता मागं फिरायचं न्हाई."

माझ्या थोरल्या बहिणीचा तो आवाज मी एसटीच्या खिडकीखाली शेवटचा ऐकला होता, रुमालावर दुसरं कोणी बसलं तेव्हा.

सेलूला गाडी थांबते किती, जेमतेम चढण्याउतरण्यापुरती. आम्ही फलाटावर बॅगा घेऊन उभ्या, आणि काकूंचा फोन लागेना. गाडी आत शिरली. डब्यामागून डबा जात होता आणि प्रत्येक दारात माणसंच माणसं. मग पार मागच्या डब्याच्या दारात काकू दिसल्या, कालच्या डोहाळेजेवणाची भरजरी साडी, अंबाड्यात सुकलेला गजरा, आणि गाठोडं छातीशी धरलेलं. आक्का धावली. साठीला आलेली माझी बहीण गर्दीतून वाट काढत फलाटावर धावताना मी पाहिली. काकू खाली उतरल्या, गाठोडं आक्काच्या हातात देऊन म्हणाल्या, "लय जिवाला घोर लावला गं बाई. जा आता खुशाल." मी बॅगा ओढत पोचले, आम्ही समोरच्याच डब्यात चढलो, गाडी हलली आणि काकू गजरा सावरत हात हलवत राहिल्या.

परतूर मागे पडल्यावर आक्काने गाठोडं सोडून पासपोर्ट माझ्याकडे दिला. "नंदे, हे घरात असतं तर मी आले नसते. दोनदा तुला नको म्हणायला फोन उचलला व्हता. म्हणून दुसऱ्याच्या घरी ठेवलं." मी तिचा हात हातात घेतला आणि मुंबईपर्यंत सोडला नाही.

व्हिएतनामबद्दल थोडक्यात. हनोईच्या रस्त्यावर दुचाक्यांचा पूर असतो आणि तो थांबत नाही. न थांबता, न पळता एका चालीने चालत राहायचं, त्याच आपल्याला वळसा घालून जातात. मी दुसऱ्या दिवशीही घाबरत होते, आक्का पहिल्याच दिवशी शिकली. शाकाहारी असाल तर पाटीवर 'चाय' हा शब्द शोधा, चहा मिळणार नाही पण टोफू आणि भात मिळेल. फोटोतले ते डोंगर निन्ह बिन्हला, तिथे होडीतून फिरा, सकाळी लवकर गेलात तर गर्दी कमी. आमची होडी एक वयस्कर बाई चक्क पायांनी वल्हवत होती. आक्काने तिला दशमी दिली. तिने वास घेतला, तुकडा मोडला आणि उरलेली पदरासारख्या फडक्यात बांधून ठेवली, बहुधा घरी न्यायला.

पण मला जास्त लक्षात राहिली ती हॉटेलातली एक सकाळ. मला जाग आली तर आक्का खिडकीशी बसलेली. काय गं, झोप नाही आली का, विचारलं. म्हणाली, "आली की. पण उठून मला कोनाचं काहीच करायचं न्हाई, असं पहिल्यांदाच झालं. बसून बघायलेय कसं वाटतं ते."

परत आलो त्याला आता महिना होऊन गेला. गेल्या रविवारी मी नेहमीसारखी न सांगता सेलूला गेले. आमच्या दाराला कुलूप होतं. त्या घरात कायम कोणी ना कोणी असायचं, कधी अण्णा, कधी आई, आणि आक्का तर असायचीच. माहेरच्या दाराला कुलूप मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. फोन लावला तर पलीकडे वारा आणि हसण्याचा आवाज.

"आमी लोणारला आलोत," आक्का ओरडून बोलत होती. "इंदूकाकूला सरोवर दाखवायचं व्हतं. तू कुठं हायेस?"

"तुझ्या दारात," मी म्हटलं. पायरीवर बसले होते, हसू येत होतं आणि रडूही. आता आईही नव्हती आणि आक्काही घरात नव्हती. "मी काय करू आता?"

"काय करतीस, जा आपल्या घरी," आक्का म्हणाली. "अन् आता येताना फोन करून येत जा."