मृणालसाठी सोडलेली जागा

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा कपाळाला आठ्या घालून. कुणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसली की माझा पहिला प्रश्न असतो – उजेड कुठून येत होता? फोटोग्राफी शिकलेल्या माणसाची ही खोडच आहे. उजेड असेल तर दिसतं, नसेल तर दिसत नाही, यापलीकडे माझा कशावर विश्वास नव्हता. आजही फारसा नाही. त्यामुळे पुढे जे लिहितेय, ते माझं मलाच अडचणीचं आहे.

मी मूळची बार्शीची. सात वर्षांपूर्वी पुण्यात आर्ट कॉलेजला ॲडमिशन मिळाली, तेव्हा बाबांनी एकच अट घातली – एकटी राहायचं नाही. म्हणून कर्वेनगरला एका सोसायटीत, दोघींत मिळून एक अशी खोली घेतली. दोन कॉट, दोन कपाटं. दुसऱ्या कॉटवरची मुलगी काही आलीच नाही. महिन्याभराने मालकीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "आली की दिसेलच."

आता हे घरी कसं सांगणार? बाबा दुसऱ्या दिवशी एसटीने येऊन मला घेऊन गेले असते. मग मी एक रूममेट तयार केली. मृणाल. नाशिकची, आर्किटेक्चरला, अभ्यासू, कमी बोलते. आई म्हणायची, "जरा तिच्याकडं दे की फोन." मी म्हणायचे, आंघोळीला गेलीये. मृणालइतक्या आंघोळी अख्ख्या पुण्यात कुणी केल्या नसतील.

आईने मात्र तिला मनापासून घरचं करून टाकलं. बार्शीहून पार्सल यायचं त्यात दोन डबे असायचे. लाडवांचे दोन, चिवड्याचे दोन. एकावर चिकटपट्टी लावून माझं नाव, दुसऱ्यावर मृणालचं. मी दोन्ही डबे एकटी संपवायचे आणि घासून परत पाठवायचे. लाडू खाताना रडू येणं हा प्रकार मला तेव्हा कळला.

कारण कॉलेजात माझं कुणी नव्हतं. कुणी वाईट वागायचं असं नाही, वर्गातले ग्रुप आधीच ठरलेले होते इतकंच. मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन जिन्यात बसायचे आणि फोनमध्ये काहीतरी महत्त्वाचं पाहतेय असं दाखवायचे. असाइनमेंटसुद्धा सगळ्या एकटीच्या... रिकाम्या खुर्च्या, दोरीवरचे कपडे, बसस्टॉप. एकदा सरांनी विचारलं, "पुण्याची लोकसंख्या माहितीये ना तुला? तुझ्या फोटोंत कधी दिसली नाही म्हणून विचारतो."

दुसऱ्या वर्षी बाबांना संशय आला. दीड वर्षात त्या मुलीचा एक फोटो नाही, म्हणजे काय? त्यांनी सांगून टाकलं – दिवाळीला तिला घेऊन ये. नाहीतर येशील ती सामान घेऊनच ये, इथल्या कॉलेजात बीए कर.

नेमकी त्याच आठवड्यात पिनहोलची असाइनमेंट होती. पिनहोल म्हणजे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला सुईने भोक पाडायचं, आत फोटोचा कागद लावायचा आणि भोकावर काळी टेप. टेप काढली की फोटो सुरू, लावली की संपला. लेन्स नाही, बटण नाही. उजेड त्या भोकातून सावकाश झिरपतो, त्यामुळे कित्येक मिनिटं लागतात. सरांचं वाक्य मला पाठ आहे – "यात जो हलतो तो येत नाही. जो बसून राहतो, तोच येतो." विषय होता सेल्फ पोर्ट्रेट.

आमच्या बिल्डिंगमागे पाण्याच्या टाकीशी चार पायऱ्या होत्या. दुपारचे चार वाजले होते. डबा विटांवर ठेवला, टेप काढली, पळत जाऊन पायरीवर बसले आणि मोबाइलवर आठ मिनिटं लावली. वॉचमनकाका त्या वेळात तीनदा समोरून गेले. पायरीवर मी एकटी होते. हे मी शपथेवर सांगते, कारण ती आठ मिनिटं मी दिवाळीचाच विचार करत होते आणि आपल्याला इथे कुणी नाही हे मला फार आतून जाणवत होतं.

पिनहोलला समोर बघायची काच नसते, अंदाजानेच बसायचं. माझा अंदाज चुकला. फोटो धुतल्यावर पाहिलं तर मी पार डाव्या कडेला, आणि उजवीकडे नुसती रिकामी पायरी. वॉचमनकाका अर्थातच नव्हते. पुन्हा काढायला वेळ नव्हता, मी तोच सबमिट केला.

सरांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला. "काम चांगलंय. पण सेल्फ पोर्ट्रेट सांगितलं होतं, ग्रुप फोटो नाही."

मला वाटलं नेहमीचा टोमणा. "सर, मी एकटीच आहे."

"मग ही शेजारी वेणी पुढे घेऊन कोण बसलीये? इतका वेळ हलली नाही म्हणजे मैत्रीण चांगली आहे तुझी."

मागचे दोघं-तिघं वाकून बघायला लागले. कुणीच म्हणालं नाही की इथे कुणी नाहीये. मी कागद खिडकीशी नेला, तिरका धरला, उलटा धरला. पायरी होती. भिंत होती. मी होते.

संध्याकाळी माझं कौतुक झालं हे सांगायचं म्हणून आईला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. दोन मिनिटांत तिचा फोन.

"पाठवलास बाई एकदाचा! हीच का मृणाल? किती बारीक गं ती... जेवत नाही का? वेणी छान हाय पण. ह्यांना दाखवला, ते म्हणाले राहू दे पोरीला तिथंच."

सर आणि आई एकमेकांना ओळखत नव्हते. मृणालला लांब वेणी आहे असं मी आईला कधीच सांगितलं नव्हतं. पण खरं सांगू का? भीती वाटायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. मी पुण्यात राहणार होते.

त्यानंतर वार्षिक प्रदर्शनासाठी तोच फोटो निवडला गेला. शुक्रवार पेठेत शेखचाचांचं फ्रेमचं दुकान आहे, तीन पिढ्यांचं. मी फोटोवर पेन्सिलीने खुणा करून दिल्या होत्या – उजवीकडची रिकामी पायरी माउंटखाली, म्हणजे फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली झाकायची, की मी मधोमध येईन. आणायला गेले तर फोटो पूर्ण उघडा.

"चाचा, माप चुकलं."

"चुकलं नाही, बदललं. तुमच्या मापाने ती वेणीवाली मुलगी अख्खी जात होती. फोटोतल्या माणसाला आम्ही कात्री लावत नाही आणि माउंटखाली दाबतही नाही. वडिलांपासूनची रीत आहे. मैत्रिणीशी वाजलं असेल तर घरी बोलून मिटवा, माझ्याकडून कापून घेऊ नका."

मी गुपचूप फ्रेम घेऊन आले आणि दुसऱ्या कॉटवर ठेवली. त्या दिवसापासून मला तिच्याशी बोलायची सवय लागली. आज सर काय म्हणाले, मेसमध्ये काय होतं, असलंच. उत्तर कधी आलं नाही, चाहूल नाही, काही नाही. मला ती एकदाही दिसली नाही. जगातल्या सगळ्यांना दिसायची आणि मलाच नाही, याचा राग यायचा कधीकधी. पण डबा संपवताना रडणं मात्र थांबलं.

आता मी एका डिझाइन स्टुडिओत नोकरी करते, धायरीत भाड्याने राहते. मृणालही पुण्यातच आहे असं घरी सांगितलंय, त्यामुळे आईचे दोन-दोन डबे चालूच होते. फ्रेम हॉलमध्ये आहे. गॅसवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत जो येईल तो विचारायचा, "ही कोण?" मी म्हणायचे, मृणाल. रूममेट होती.

यंदा दिवाळीच्या पंधरा दिवस आधी ऑफिसातली सायली पहिल्यांदा घरी आली. चहा पिता पिता फ्रेमकडे बघून म्हणाली, "फोटो मस्तय गं. पण शेजारी एवढी रिकामी जागा का सोडलीस?"

मी तिला पुन्हा बघायला लावलं. तिने पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तू एकटीच आहेस की."

ती गेल्यावर मी फ्रेम घेऊन तडक शेखचाचांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. "काम माझंच आहे. पण एका माणसासाठी मी एवढी जागा सोडणार नाही कधी." नवीन माउंट करून देऊ का, असंही विचारलं. मी नको म्हटलं.

रात्री आईला फोन केला, तो जुना फोटो उघडून बघ म्हटलं. ती म्हणाली, "हा नाही, हा तुझा एकटीचा हाय. मृणालचा दुसरा होता." दुसरा नव्हता. व्हॉट्सॲपवर तोच एक आहे, त्या संध्याकाळच्या तारखेसकट. मग आईनेच हळूच विचारलं, "भांडलात का गं दोघी?"

मी नाही म्हटलं. खरं काय ते अजून सांगितलेलं नाही.

मी या सगळ्यावर खूप डोकं चालवलंय. कागदावर डाग असेल म्हणावं, तर तो फोनवर बार्शीला कसा जाईल, आणि इतक्या वर्षांनी पुसला कसा जाईल? सायली आली म्हणून ती गेली, असं म्हणायचा मोह होतो. पण सायली एकदाच आलीये, आणि चहाच पिऊन गेलीये. ज्या मुलीला मी कधी पाहिलंच नाही ती गेली म्हणून मी हॉलमध्ये बसून ढसाढसा रडले, एवढंच मला माहीत आहे.

दिवाळीला बार्शीहून पार्सल आलं. उघडलं तर एकच डबा होता, आणि त्यावर नावाची पट्टी नव्हती.