सात वाजताची हवा

मालिम्फोला मी पहिल्यांदा पाहिलं ते वरून. राजधानी मासेरूहून डोंगरातल्या शाळेवर मास्तर म्हणून निघालो होतो, आणि आमचं चार माणसांचं विमान गावावर घिरट्या घालत होतं. खाली घोंगडं पांघरलेली एक बाई काठी घेऊन मेंढ्यांमागे धावत होती.

"घाबरू नका, मास्तर," पायलट म्हणाला. "म्मे पट्टी मोकळी करतायत. त्यांनी हात वर केल्याशिवाय मी चाक टेकवत नाही."

म्मे म्हणजे आई. मोठ्या बाईला आमच्यात असंच म्हणतात, आणि मोठ्या पुरुषाला न्ताते, म्हणजे बाबा.

धावपट्टी मातीची, टोकाला सरळ दरी. कडेला पत्र्याची खोली आणि आत वायरलेस. रोज सकाळी सात वाजता मालिम्फो त्यावर बोलायची: वारा कुठून, ढग किती खाली, माती ओली की कोरडी. मासेरूला मोखेथी नावाचे गृहस्थ ते लिहून घ्यायचे. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

तिचा नवरा सरहद्दीपलीकडे सोन्याच्या खाणीत होता. सुरुवातीची काही वर्षं त्याची पत्रं आली, मग थांबली. तिकडे त्याने दुसरं घर केल्याचं लोक सांगायचे. टपालाची पिशवी विमानातून उतरवून तीच उघडायची. त्यामुळे आपल्या नावाचं काही नाही, हे दर मंगळवारी सगळ्यांत आधी तिलाच कळायचं. मग बाकीच्या बायकांना ती त्यांच्या नवऱ्यांची पत्रं वाचून दाखवायची.

"काय गं, तुझा नवरा पत्ता विसरला की अक्षरं?" एकीने एकदा टोमणा मारला.

"दोन्ही विसरला," मालिम्फो म्हणाली. "तुझ्याला अजून आठवतायत ना? मग गप ऐक."

माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात माझी बायको पुलेंग बाळंतपणात अडली. तीन दिवस बर्फ पडत होता आणि घोड्याची वाटही बंद झाली होती. मी पत्र्याच्या खोलीत हात चोळत उभा होतो. मालिम्फो दारातून आभाळाकडे बघत होती.

"न्ताते मोखेथी, ऐका. पूर्वेला ढग फाटलाय. तासभर टिकेल."

"नक्की का, म्मे?"

"नक्की काही नसतं. पण बाई मरतेय, हे नक्की आहे. पाठवा."

तिने गावातल्या बायकांना हाक मारली. बायकांनी पायांनी बर्फ तुडवला आणि चुलीतली राख आणून पट्टीच्या दोन्ही कडांना ओतली. त्या काळ्या रेघांमध्ये विमान उतरलं आणि पुलेंगला मासेरूच्या दवाखान्यात घेऊन गेलं. पुलेंग वाचली, मुलगीही वाचली.

पुढे खालच्या खोऱ्यात धरणाचं काम निघालं आणि त्यासाठी डांबरी रस्ता झाला. आधी ट्रक आले, मग बस. टपाल बसने येऊ लागलं. विमान आठवड्याचं महिन्यावर गेलं आणि एका पावसाळ्यानंतर आलंच नाही. पट्टी बंद झाल्याचं मालिम्फोला कोणी कळवलं नाही. ती रोज मेंढ्या हाकलत राहिली, सातला हवा सांगत राहिली. मोखेथी "लिहून घेतलं, म्मे" म्हणत राहिले. अशी दोन वर्षं गेली.

एका सकाळी मी तिथे असताना पलीकडून आवाज आला, "म्मे, उद्यापासून मी घरी. वय झालं. खरं सांगू? या नोंदी दोन वर्षांत कोणी मागितल्या नाहीत."

"मग लिहीत कशाला होतात?"

"तुम्ही सांगत होतात म्हणून."

 मालिम्फोने त्यांच्या घराचा पत्ता विचारून घेतला.

महिन्याने ती माझ्याबरोबर बसने मासेरूला आली. मोखेथी उंच, वाळलेले निघाले. तिला ते ठेंगणे, जाडे वाटत आले होते. त्यांच्या बायकोने पापा, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, आणि पालेभाजी वाढली. दोघं समोरासमोर बसले आणि शब्द फुटेना.

"एकोणीस वर्षं रोज बोललात," त्यांची बायको हसून म्हणाली, "आणि आता तोंडाला कुलूप?"

मालिम्फोही हसली, पण ताटातून मान वर केली नाही.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "बायको आहे हे मला ठाऊक होतं, मास्तर. चांगली आहे हो बाई. भाजीत मीठही बरोबर होतं." आणि चेहरा खिडकीकडे फिरवला.

त्यानंतर दोन माणसं येऊन वायरलेस घेऊन गेली. सरहद्दीपलीकडे ब्लुमफाँटेन शहरात नर्स असलेल्या मालिम्फोच्या लेकीने, लिम्फोने, तिला बोलावून घेतलं. तीन महिन्यांत मालिम्फो परत आली. का, ते तिने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. गावच्या मुखियाने पट्टीचा खालचा तुकडा तिला कसायला दिला. इतकी वर्षं दाबली गेलेली जमीन दगडासारखी झाली होती. पहिल्या वर्षी मका वीतभरही वाढला नाही. दुसऱ्या वर्षी तिने वाटाणा पेरला, तो आला.

एक टोपली तिने आमच्या घरी आणून ठेवली आणि लगेच निघाली.

"बसा ना, म्मे," पुलेंग म्हणाली. "घरी कोण वाट बघतंय?"

"कोणी नाही गं," ती म्हणाली. "बसायची सवयच नाही."

पुलेंगने आग्रह केला, तेव्हा दारातच उभी राहून तिने चहा घेतला, कप विसळून पालथा ठेवला आणि उतारावरून घराकडे गेली.