झालं म्हणेपर्यंत

'थांबा सर' गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी, जालना जिल्ह्यातल्या वाटूरला एका घराच्या ओसरीत, खुर्चीवर बसल्या बसल्या वारले. त्या वेळी ओसरीत आणि आतल्या खोलीत मिळून दहा-बारा माणसं उभी होती. सगळी त्यांच्याच वर्गातली होती आणि बहुतेकांची तोंडं त्यांच्याकडे होती. कोणी हललं नाही.

हलायचं नाही, हा सरांचाच नियम होता. ते चित्रपटांचं ध्वनिमुद्रण करत. कुठलंही दृश्य चित्रित करून झालं, की दिवे विझवण्याआधी, खाट उचलण्याआधी, चहाला पांगण्याआधी ते हात वर करून म्हणत, "थांबा." त्यांचं नाव त्यावरूनच पडलं. मग जो जिथे असेल तो तिथे मिनिटभर उभा राहायचा आणि सर त्या जागेचा आवाज टिपून घ्यायचे. पुढे संकलन करताना दोन वाक्यांच्या मधली फट भरायला त्याच जागेची शांतता लागते, दुसरीकडची चालत नाही. धंद्यात याला रूमटोन म्हणतात. सर 'खोलीचा आवाज' म्हणत. मिनिट संपलं की ते म्हणायचे, "झालं." तोवर नाक खाजवायलासुद्धा बंदी होती.

एका नव्या मुलाने विचारलं होतं, आम्ही बाहेर जाऊन उभे राहिलो तर काय बिघडेल? सर म्हणाले, "सीन झाला तवा तू आत व्हता का न्हाई? मंग तुझ्यासकटच खोली पायजे. रिकामी खोली येगळी ऐकू येती." हे त्यांनी त्याला तिथल्या तिथे ऐकवून दाखवलं. आधी भरलेला हॉल, मग रिकामा. मुलाला फरक कळला की तो नुसता हो म्हणाला, हे ठाऊक नाही. त्यानंतर त्याने विचारलं नाही एवढं खरं.

सर मूळचे भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचे, धनगराच्या घरातले. मुंबईत त्यांनी बरीच वर्षं काम केलं. चित्रपट संपून लोक चपला शोधायला लागतात, तेव्हा पडद्यावर जी नावं सरकतात त्यांत त्यांचं नाव असायचं. वडिलांचं आजारपण काढायला गावी आले आणि वडील गेल्यावर परतलेच नाहीत. "म्या जलमभर मेंढरं राखली, ह्यो आवाज राखून राह्यला," असं वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. सर ते वाक्य आपल्या परिचयात वापरत. तक्रार म्हणून नव्हे, हुद्दा म्हणून.

चित्रपटाच्या क्षेत्रातल्या लोकांना शिकवण्यासाठी अनुदान देणारा एक राष्ट्रीय निधी आहे. त्यातून जालन्यात वर्ग चालवावा म्हणून सर वर्षानुवर्षं अर्ज करत होते. प्रशिक्षणार्थींना महानगरातल्या केंद्रात पाठवा, असं उत्तर यायचं. सरांचं म्हणणं ठरलेलं होतं. "तिकडं खोलीचं भाडं द्यायला पोरं हाटेलात लागत्यात. मंग हाटेलातच राहत्यात. म्या बघितलंय." शेवटी एका वर्षापुरतं अनुदान मंजूर झालं. अट अशी, की वर्षाच्या शेवटी मुलांनी स्वतः एक लघुपट पुरा करून पाठवायचा. समितीला तो तांत्रिकदृष्ट्या पटला तर वर्ग पुढे चालू, नाहीतर बंद.

जालन्यातल्या मस्तगड भागात एका कापडाच्या दुकानावरचा हॉल त्यांनी भाड्याने घेतला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लावायच्या तयार पाट्या मिळतात. त्यांऐवजी सरांनी धावड्याहून घोंगड्या आणून टांगल्या. काम बराबर व्हायचं, पण हवा दमट झाली की हॉलला मेंढवाड्याचा वास सुटायचा. निधीच्या अधिकारी मॅडम पाहणीला आल्या तेव्हा नेमकी तशी हवा होती. मी जिल्ह्याच्या दैनिकासाठी बातमी करायला तिथेच होतो.

"सर, हा वास कसला?" मॅडमनी रुमाल काढत विचारलं.

"आमच्या घरचा," सर म्हणाले.

पुढे मॅडमनी विचारलं, की प्रत्येक ठिकाणी इतकी माणसं मिनिटभर नुसती उभी करता, हा वेळ वाया जात नाही का. सरांनी हात वर केला. "थांबा. मॅडम, तुम्हीबी." सगळे थांबले, मॅडमही थांबल्या. मध्येच त्यांचा फोन वाजला. सरांनी डोळे न उघडता तो वाजू दिला, वाजायचा थांबल्यावर मिनिट पहिल्यापासून धरलं, आणि झालं म्हटल्यावर शांतपणे म्हणाले, "फोन तुमचा व्हता, मिनिट समद्यांचं गेलं." मॅडम हसल्या. जाताना त्या जिन्यावर काही वेळ उगाच उभ्या होत्या, असं खालच्या दुकानदाराने सांगितलं.

मिनिट पहिल्यापासून धरायचं, ही सरांची दुसरी सवय. मोटारसायकल गेली, कोंबडा आरवला, कोणी खोकलं, की ते गुपचूप नव्याने सुरू करत. सांगत नसत. हनुवटी छातीला टेकलेली, डोळे मिटलेले, मुद्रणाचं यंत्र मांडीवर. त्यामुळे मिनिट कधी संपेल हे त्यांच्याशिवाय कोणाला कळत नसे. एकच गोष्ट त्यांच्या हातात नव्हती. श्वास घेताना त्यांचं नाक बारीक शिट्टी घालायचं. मुंबईतले जुने सोबती त्याला त्यांचा शिक्का म्हणत. ते माइकपासून शक्य तितके लांब बसत, तरी शिट्टी यायचीच. "ही तेवढी काढून टाकत जा रे," असं ते संकलन करणाऱ्यांना सांगत.

ती शिट्टी सगळ्यात आधी ओळखायला शिकली प्रज्ञा. ती वाटूरची, विहाराच्या मागच्या गल्लीतली. वर्गात येण्याआधी ती एका बियाण्यांच्या कंपनीत पाकिटं भरायच्या कामावर होती. ते सोडून आली म्हणून भाऊ चिडवायचा, "फिल्लम करून राह्यली म्हणं. हीरोइन होती का तू?" ती म्हणायची, "न्हाई. हीरोइन काय बोलली ते ऐकून राह्यले." भावाने घरात सांगून ठेवलं होतं, की वर्ग बंद पडला तर प्रज्ञाने दुसऱ्या दिवशी कंपनीत जायचं. ते तिने मान्यही केलं होतं. सर तिला 'माय' म्हणत. शेवटच्या महिन्यांत यंत्र तिच्या हाती देत, फक्त खोलीचा आवाज स्वतः घेत. "त्येवढा माझ्याकडं राहू दे, माय. पुढल्या साली तू घे."

लघुपट दोन बहिणींचा होता. आई गेल्यावर दोघी तिचं घर आवरायला येतात. बोलणं थोडं, मधली शांतता फार. बहुतेक चित्रण प्रज्ञाच्याच घरी झालं. त्या सोमवारी शेवटचं दृश्य संपलं आणि सरांनी हात वर केला. थोड्या वेळात रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. सगळ्यांनी धरलं की मिनिट पहिल्यापासून सुरू झालं. पुढे बराच वेळ गेला. उभ्या असलेल्यांपैकी एकाला वाटलं, लांब कुठेतरी काहीतरी वाजत असेल, सरांना ऐकू येत असेल. एकीला वाटलं, शेवटचा दिवस म्हणून सर जास्त घेत आहेत. कोणालाच वेगळं काही वाटलं नाही.

प्रज्ञाची आई मागच्या दाराने चहा घेऊन आली. नियम तिलाही माहीत होता, पण चहा तिने दुसऱ्यांदा गरम केला होता. "भाऊ, चहा निवून राह्यला," ती सरांना म्हणाली. एका मुलाने ओठांवर बोट ठेवून तिलाच गप्प केलं. ती जरा थांबली. मग कप खाली ठेवून तिने सरांच्या हाताला हात लावला.

गावातले डॉक्टर जल्दी आले. हृदय बंद पडलं होतं. पोरं लगेच धावली असती तर, असं त्यांना विचारलं गेलं. सांगता येत नाही, असं ते म्हणाले. दोनदा विचारणाऱ्यांनाही त्यांनी तेच सांगितलं.

यंत्र सरांच्या मांडीवर चालूच होतं. ते प्रज्ञाने बंद केलं. बंद करण्याआधी ती "झालं" म्हणाली. हे तिला आठवत नव्हतं. नंतर तिने एकटीने बसून ते मुद्रण ऐकलं, तेव्हा शेवटी तिचाच आवाज निघाला. ते सगळं ऐकलेली ती एकटीच. आपण किती वेळ उभे होतो, हे त्यावरून नेमकं कळतं. तिने कोणाला सांगितलेलं नाही, आणि कोणी विचारलेलं नाही.

लघुपट पाठवायची मुदत जवळ आली होती. मुलं पुन्हा वाटूरला गेली, त्याच ओसरीत उभी राहिली, नवा आवाज घेतला. तो चित्राखाली बसेना. "बराबर बसत न्हाई," एवढंच प्रज्ञा म्हणत राहिली. म्हणजे त्या सोमवारचंच मुद्रण वापरायचं. त्यात ट्रॅक्टरच्या आधीचा छोटा तुकडा होता, त्यात सरांचा श्वास होता. ट्रॅक्टरनंतर थोड्या अंतरापासून पुढचा तुकडा लांबलचक होता, आणि बिलकुल स्वच्छ होता.

संकलन करणारा मुलगा म्हणाला, "प्रज्ञा, पुढचा घे ना. शिट्टी न्हाई, खरखर न्हाई. कमिटी नापास करन आपल्याला. अन् मंग तू कंपनीत."

"सीन झाला तवा सर व्हते का न्हाई?"

"व्हते."

"मंग त्यांच्यासकटच खोली पायजे."

पहिला तुकडा फारच छोटा होता, म्हणून तो पुन्हा पुन्हा जोडावा लागला. शेवटच्या दृश्यात, दोघी बहिणी गप्प होतात तिथे तिथे, सरांचे तेच थोडे श्वास येतात. आधीच्या दृश्यांच्या मुद्रणातली शिट्टीही प्रज्ञाने काढू दिली नाही.

समितीने हरकत घेतली. अनेक दृश्यांत शिट्टीसारखा बारीक आवाज आहे, तो काढून लघुपट पुन्हा पाठवावा, असं कळवलं. अधिकारी मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं, की हे काम संगणकावर सहज होतं, एवढ्यासाठी वर्ग अडू देऊ नका. प्रज्ञा म्हणाली, "मॅडम, तुम्ही आमच्या हॉलमधी उभ्या राह्यल्या व्हत्या. तवाबी तो आवाज व्हता. तुम्ही ऐकला न्हाई, कारण सर समोर बसले व्हते." मग मॅडमनी फोन ठेवला. मधल्या काळात भावाने कंपनीत विचारून ठेवलं.

होळीच्या सुमारास मंजुरी आली. हरकत मागे घेतलेली नव्हती. ती नोंदवून वर्ग पुढे चालू ठेवला होता.

मस्तगडच्या हॉलमध्ये आता दुसरी तुकडी शिकते. घोंगड्या त्याच आहेत. आवाजाचा तास प्रज्ञा घेते. खोलीचा आवाज टिपण्याची पद्धत बदललेली नाही. थांबा म्हटलं की थांबायचं, झालं म्हणेपर्यंत हलायचं नाही. एक गोष्ट तिने वाढवली आहे. ज्याच्या कानाला हेडफोन असतो, त्याच्या समोर आणखी एक जण बसवलेला असतो. त्याला डोळे मिटायची परवानगी नाही. त्याने फक्त समोरच्याकडे पाहत राहायचं असतं.